शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचे परवानाधारक आणि संघटना: सभासद व्हावे का?

माडबागायतदार:

नमस्कार. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, एक बंदूक आहे. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे आहेत, घराच्या मागे माड आहेत आणि खालच्या अंगाला थोडी भातशेती आहे. भात पोटरीला आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा मळा लोळवून जातो, आणि माकडे शहाळी जितकी खातात त्याच्या दुप्पट खाली टाकतात. बंदुकीचा उपयोग बहुतेक वेळा हवेत बार काढून जनावरे पिटाळण्यापुरताच होतो. वर्षाकाठी दहा-बारा बार, त्याहून अधिक नाहीत.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा करण्याचा निरोप आला. आंब्याचा हंगाम ऐन भरात असताना मी ती जमा केली, आणि निकाल ४ जूनला लागूनही ती माझ्या हातात पडली ती जूनच्या अखेरीस, पाऊस सुरू झाल्यावर. तोवर नळीत तांबूस गंज धरला होता. दस्त्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी ओल लागून इतकी विरली होती की माझ्या परवाना क्रमांकाचे शेवटचे दोनच आकडे वाचता येत होते. त्याच खोलीत भिंतीला टेकवून चाळीसेक बंदुका एकीवर एक रचलेल्या होत्या आणि माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आपली बंदूक त्यांतून ओळखून काढावी लागली. माझी बंदूक कोणत्या आदेशाने जमा झाली होती, असे मी विचारले, तेव्हा "सगळ्यांच्याच जमा आहेत" एवढेच उत्तर मिळाले.

नंतर वाचनात आले की सरसकट सर्वांच्या बंदुका जमा करून घेण्याची पद्धत मुंबई उच्च न्यायालयाने एका परवानाधारकाच्या याचिकेवर अमान्य केलेली आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्हाधिकारी आणि पोलीस प्रमुख यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करावयाचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत आणि विशेषतः निवडणुकीच्या काळातील दंगलीत सापडलेले, अशा व्यक्तींकडे समितीने विशेष लक्ष द्यावे, आणि जमा झालेली शस्त्रे निकालानंतर आठवडा उलटला की परत करावीत, असे त्या सूचनांत आहे. मी आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलो ती केवळ या बंदुकीसाठीच. तरीही ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही, आणि सांगितली असती तरी एकट्याने अर्ज घेऊन उभे राहण्याचा धीर मला झाला असता असे वाटत नाही.

'नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया' ही शस्त्रधारकांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना गेली अनेक वर्षे देशात आहे. तिचे सभासद व्हावे, असे आमच्या वाडीतील दोघांचे म्हणणे आहे. तिघांना वाटते की असल्या संघटनेत नाव गेले की पोलिसांच्या नजरेत आपण उगाच भरतो. माझा स्वतःचा कल संघटित होण्याकडे आहे, मात्र कोणत्या संघटनेत आणि कशासाठी, याबद्दल माझे मन अजून स्थिर झालेले नाही. येथे परवानाधारक आहेत, नेमबाज आहेत, बंदुकीला मनापासून विरोध असणारेही आहेत. सर्वांनी मोकळेपणाने लिहावे, अशी विनंती करतो.

सह्यकडा:

सभासद अवश्य व्हावे. एकाच उदाहरणावरून माझे मत बनले आहे. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा एका व्यक्तीला तीनऐवजी एकच शस्त्र बाळगता येईल, अशी तरतूद त्यात होती. विरोध झाला आणि संमत झालेल्या कायद्यात ती मर्यादा दोनवर आली. १४ डिसेंबर २०१९ पासून हा कायदा लागू आहे. विरोध करणाऱ्यांत नेमबाज होते, परवानाधारकांच्या संघटना होत्या, उत्तरेकडील लोकप्रतिनिधी होते. कोकणातील, विदर्भातील शेतकऱ्याचे नाव त्या चर्चेत मला कोठे ऐकू आले नाही. वडिलोपार्जित ठासणीची बंदूक जपणाऱ्या घरांनाही हीच मर्यादा लागू झाली, कारण वारसाहक्काने आलेली शस्त्रेही त्याच हिशोबात धरली जातात.

याच कायद्याच्या कलम ३ मध्ये, मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट २२ ची रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल तर त्याला ही मर्यादा लागू नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. नेमबाजांची राष्ट्रीय संघटना (नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया) १९५१ पासून आहे आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर होते; मावळंकरांचे घराणे मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. ज्यांची संघटना असते त्यांच्या गरजेला कायद्यात एक पोटकलम मिळते, हे यातून मला दिसते.

शाळामास्तर:

माडबागायतदार, आपण विरोधकांनाही लिहावयास सांगितले म्हणून लिहितो.

माझा चुलतभाऊ भाताच्या राखणीला रात्री मळ्यात गेला होता. शेजारच्या वाडीतील एक परवानाधारक डुकराच्या मागावर होता. झुडूप हलले, त्याने बॅटरीचा झोत टाकला, दोन डोळे चमकल्यासारखे वाटले आणि त्याने चाप ओढला. भाऊ बांधाआड ओणवा होऊन पाण्याची वाट मोकळी करत होता. छर्रे मानेत आणि खांद्यात शिरले. तालुक्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत तो गेला होता. त्याचा धाकटा मुलगा तेव्हा दुसरीत माझ्याच वर्गात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेताना त्याच्या नावापाशी थांबलो आणि पुढचे नाव मला उच्चारता आले नाही.

बार काढणारा माणूस वाईट नव्हता आणि त्याने पळही काढला नाही. परंतु त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतील परवानाधारक एकदाही एकत्र बसले नाहीत. रात्री बार काढण्यापूर्वी आजूबाजूच्या वाड्यांना कळवावे, जनावर पूर्ण दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नये, भरलेली बंदूक खांद्यावर घेऊन बांधावरून चालू नये, एवढे तीन नियमसुद्धा त्यांनी ठरवले नाहीत. तेच लोक बंदूक उशिरा परत मिळाली म्हणून मात्र आता एकत्र येणार असतील, तर त्या संघटनेबद्दल मला आदर वाटणे कठीण आहे. हक्कांची संघटना काढणाऱ्यांनी आधी मला सांगावे की अपघात झाल्यावर ती कोणाच्या दारात जाऊन बसणार आहे.

खाडीपलीकडचा:

मास्तर, आपले लिहिणे वाचून सुन्न झालो. आमच्याकडेही अशी एक घटना घडलेली आहे. आपण मांडलेला मुद्दा संघटनेच्या घटनेत पहिल्या पानावर असला पाहिजे.

ह्यूस्टनवासी:

मी मूळचा सावंतवाडीचा. गेली अठरा वर्षे टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे येथे एक शॉटगन आहे आणि मी चार वर्षे अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा सभासद होतो. सभासद झालो त्याचे कारण साधे होते. मी ज्या क्लबच्या मैदानावर सरावाला जात असे, तेथे ते सभासदत्व सक्तीचे होते.

ही संघटना १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, ती सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून. जवळजवळ शंभर वर्षे तिचे मुख्य काम प्रशिक्षण, स्पर्धा आणि सुरक्षितता हेच राहिले. १९७७ मध्ये सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत सभासदांच्या एका गटाने जुने नेतृत्व मतदानाने हटवले आणि तेथून पुढे कायदेमंडळांवर दबाव आणणे हाच तिचा प्राण झाला. त्यात तिला मोठे यश मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु वेन लापिएर हे एकच गृहस्थ १९९१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत तिचे सूत्रधार राहिले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने, त्यांनी संघटनेचा पैसा गैरप्रकारे खर्च केल्याचे ठरवून, सुमारे ४३ लाख ५० हजार डॉलर परत करण्यास त्यांना जबाबदार धरले. हा पैसा माझ्यासारख्यांच्या वर्गणीचा होता. दरमहा घरी येणाऱ्या पाकिटांत एकच मजकूर असे: तुमची बंदूक उद्या हिरावून घेतली जाणार आहे, तेव्हा आज देणगी पाठवा. त्या भीतीवर संघटना पोसली जात होती आणि सुरक्षितता शिकवणारे तिचे उत्तम प्रशिक्षक मागे पडले होते, असे मला आतून दिसले, म्हणून मी नूतनीकरण केले नाही.

आणखी एक फरक आपण सर्वांनी नीट लक्षात घ्यावा. येथे शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. भारतात तो नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता, कारण हिंदी लोकांच्या शस्त्रांवर निर्बंध घालणाऱ्या इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा सल सर्वांच्या मनात होता. पुढे घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेशी हा फरक बोलून दाखवला. त्यामुळे अमेरिकेतील भाषा उचलून "आमचा हक्क" म्हणत उभे राहणारी संघटना भारतात पहिल्याच पायरीवर अडखळेल. आपली बाजू परवान्याच्या कायद्याच्या आतच मांडावी लागेल.

निवृत्त कारकून:

मी एका जिल्ह्याच्या गृह शाखेत अकरा वर्षे शस्त्र परवान्यांचे टेबल सांभाळले. त्या अनुभवावरून लिहितो, कारण कायद्याच्या आत आपल्या हाती काय आहे हे बहुतेक परवानाधारकांना ठाऊक नसते.

शस्त्र कायदा १९५९ चे कलम १३ पाहावे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणारा शेतकरी त्या कलमात नावानिशी आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभाही तेथेच आहे. कलम १४ सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार किंवा रद्दबातल झाल्यास कलम १८ नुसार अपील आहे. २०१९ नंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. २०१६ च्या नियमांतील नियम २५ नुसार परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगून झाले, यांतील जे आधी घडेल तेव्हापासून, तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्याची मागणी करता येते. म्हातारा माणूस जाईपर्यंत थांबायचे आणि मग बिनपरवाना बंदूक घरात ठेवल्याचा ठपका घ्यायचा, असे मी डोळ्यांनी अनेकदा पाहिले आहे.

माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा अर्जांपैकी सहा अपुरे असत. जुन्या परवान्यावर नाव 'रामा', आधारवर 'रामचंद्र'. शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील युनिक क्रमांक घेतलेलाच नाही. नूतनीकरणाची मुदत उलटून आठ महिने झालेले. अशा अर्जदाराला मी वाईट वाटूनही परत पाठवत असे, आणि तो एस. टी.ने साठ किलोमीटर परत जात असे. तालुक्याला पाचपन्नास परवानाधारकांची एक संघटना असती आणि तिच्यात कागद नीट वाचणारा एक जरी माणूस असता, तर यातील बहुतेक हेलपाटे वाचले असते. मी संघटनेच्या बाजूने आहे तो या कारणासाठी.

सावधगिरीचा शब्द एवढाच की संघटनेने परवाने मिळवून देण्याचा व्यवहार कधीही करू नये. पदाधिकारी एकदा का "तुमचे काम करून देतो" म्हणाला, की संघटना संपली आणि मध्यस्थाचे दुकान सुरू झाले.

मोगऱ्याचा मळा:

मी कुडाळकडची. बाबांचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्यांचा परवाना तीस वर्षांहून जुना आहे. भाऊ पुण्यात नोकरीला असल्याने काजूची बाग आणि भात मीच पाहते. डुकरे येतात तेव्हा रात्री डबा वाजवत मळ्यात जाते तीही मीच. वारस म्हणून अर्ज घेऊन गेले तेव्हा भावाच्या नावे अर्ज करा, असे मला खिडकीवर सांगण्यात आले. निवृत्त कारकून काका, आपल्या प्रतिसादामुळे नियम २५ चे नाव मला आज कळले. कायदेशीर वारसांत मुलगीही येते, हे मी आता लेखी मांडणार आहे.

मात्र माझ्या गावातील परवानाधारक गणपतीनंतर एकदा देवळात जमले होते आणि त्या बैठकीचे मला बोलावणे नव्हते, कारण परवाना अजून बाबांच्या नावे आहे. जी संघटना सातबाऱ्यावर राबणाऱ्या बाईला आत घेणार नाही, तिची वर्गणी मी भरणार नाही.

वनवाट:

एका गोष्टीचा उल्लेख अद्याप झाला नाही म्हणून लिहितो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. रानडुक्कर आता त्या कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. ते पिकाचे नुकसान करत असेल तर कलम ११ नुसार वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच मारता येते. आपल्याकडील तांबड्या तोंडाचे माकड तर सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूची १ मध्ये गेले आहे, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याबाबत पिकाचे नुकसान हे कारणच चालत नाही. म्हणजे माकडांपुढे आपल्या बंदुकीचा उपयोग आवाजापुरताच उरतो. गव्याचे तेच. संघटना झालीच, तर तिने वनक्षेत्रपालांकडील परवानगी वेळेत मिळावी आणि नुकसानभरपाईचे पंचनामे लवकर व्हावेत, यासाठी अधिक झटावे. शेतकऱ्याला खरा आधार तेथून मिळेल.

माडबागायतदार:

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि शाळामास्तरांचा त्याहून अधिक वेळा. मास्तर, आपण विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. काल आमच्या वाडीतील इतर पाच परवानाधारकांना मी घरी बोलावले आणि आपला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर आमच्यातील सर्वांत वयस्कर असलेल्या बाप्पांनी कबूल केले की गेल्या वर्षी त्यांनीही केवळ आवाजाच्या रोखाने एक बार काढला होता आणि सकाळी त्या जागी शेजाऱ्याचे रेडकू मरून पडलेले आढळले. त्यांनी भरपाई दिली होती, पण ही गोष्ट आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हती.

त्या बैठकीनंतर माझे मत असे झाले आहे की आम्ही संघटित व्हावे, पण सुरुवात तालुक्यापासून करावी. देशपातळीवरील संघटनेच्या मागण्यांत पिस्तुले आहेत, आयात आहे, स्वसंरक्षणाचा व्यापक हक्क आहे. त्या चूक आहेत असे मी म्हणत नाही, परंतु त्या माझ्या मळ्यातील मागण्या नाहीत, आणि ज्या मागणीबद्दल मी मनापासून बोलू शकत नाही तिच्याखाली माझी सही जाऊ नये, असे मला वाटते. ज्याला पटेल त्याने व्यक्तिशः तिचे सभासद व्हावे. पोलिसांच्या नजरेत भरण्याची भीती मला आता पटत नाही. आपली नावे, पत्ते आणि बंदुकीचे क्रमांक त्यांच्या नोंदवहीत आधीपासूनच आहेत, नाही ते फक्त आपले म्हणणे.

नोंदणीसाठी सात व्यक्ती पुरतात. आम्ही सहा आहोत आणि सातवे नाव मी मोगऱ्याचा मळा ताईंचे सुचवू इच्छितो. तालुका वेगळा असला तरी त्यांची हरकत नसेल तर. परवाना ज्याच्या नावे आहे तोच नव्हे, तर ती शेती जो प्रत्यक्ष कसतो तोही सभासद होऊ शकेल, असे घटनेत लिहू. ह्यूस्टनवासींच्या प्रतिसादावरून दोन कलमे आम्ही लगेच उतरवून घेतली: कोणताही पदाधिकारी सलग दोन मुदतींहून अधिक काळ राहणार नाही, आणि दरवर्षीचा हिशोब धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर होण्यापूर्वी वाडीवाडीत वाचला जाईल. निवृत्त कारकून काकांच्या सूचनेप्रमाणे परवान्याच्या कामासाठी सभासदाकडून वर्गणीव्यतिरिक्त एक रुपयाही घेतला जाणार नाही.

मास्तर, अपघाताचे कलम आपण लिहावे, अशी आम्हा सहाही जणांची इच्छा आहे. आपण बंदुकीच्या विरोधात आहात हे जाणूनच ही विनंती करतो.

शाळामास्तर:

मी सभासद होणार नाही, पण ते कलम लिहून देईन. त्यात रात्रीच्या राखणीला जाणाऱ्या बिनबंदुकीच्या माणसाची बाजू आधी येईल, आणि बार काढण्यापूर्वी शेजारच्या वाड्यांना फोन करणे ऐच्छिक राहणार नाही. जो पाळणार नाही त्याचे सभासदत्व जाईल आणि संघटना ते लेखी ठाण्याला कळवेल. एवढे मान्य असेल तर रविवारी येतो.

माडबागायतदार:

मान्य आहे. रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या खळ्यात भेटू. पुढील निवडणुकीची घोषणा होण्याआधी छाननी समितीकडे द्यावयाच्या अर्जाचा मसुदाही त्याच दिवशी पक्का करू. शस्त्र जमा करण्याचा आदेश प्रत्येकाला नावानिशी आणि कारणासह लेखी मिळावा आणि जमा बंदुकीची अवस्था पावतीवर नोंदवावी, एवढ्या दोनच मागण्या त्यात असतील. येणाऱ्यांनी परवान्याची पुस्तिका सोबत आणावी. ज्यांची मुदत या वर्षअखेर संपते त्यांनी आधारवरील नाव पुस्तिकेतील नावाशी जुळते का, हे निघण्यापूर्वी एकदा पडताळून पाहावे. बंदुका मात्र घरीच ठेवाव्यात.